चार पिल्लांचा बाप

तरमणीच्या संशोधन संस्थेत कनकाबाईंच्या प्रयोगशाळेचा एक लौकिक होता. तिथून बाहेर गेलेला आकडा कुणी पुन्हा तपासत बसत नसे. हा लौकिक काही आपोआप आलेला नव्हता. नव्याने आलेल्या मुलामुलींना कनकाबाई सुरुवातीचे कित्येक आठवडे फक्त ट्यूबांवर नावं घालायला लावत, आणि एखादीवर तारीख राहिली तर सबंध खोका पुन्हा करायला लावत. मुलं मागं कुरकुरत, तमिळमधून त्यांना नावं ठेवत, आणि पुढं दुसरीकडं नोकरीला लागल्यावर फोन करून सांगत की मॅडम, तुमच्याकडं शिकलो म्हणून इथं निभावलं.

कनकाबाई तंजावरच्या मराठी. तीनेकशे वर्षांपूर्वी पूर्वज मराठी राजांच्या मागोमाग तिकडं गेले आणि तिथलेच होऊन राहिले. वडील एग्मोरला रेल्वेच्या कचेरीत होते, म्हणून घर चेन्नईला आलं. घरात मराठी, रस्त्यावर तमिळ आणि कामात इंग्रजी अशी त्यांची वाटणी लहानपणापासून ठरून गेली होती. प्रयोगशाळेत मराठी बोलायची वेळ त्यांच्यावर कधी आलीच नव्हती. ती आली स्वरदामुळं.

स्वरदा सांगली जिल्ह्यातल्या तासगावची. पीएचडीसाठी आली त्या दिवशी कनकाबाईंनी तिचा अर्ज बाजूला ठेवला आणि मराठीत विचारलं, "तुझें गाव कोठें आलें?"

स्वरदा हसू दाबत म्हणाली, "मॅडम, असं मराठी मी फक्त शाळेच्या पुस्तकात वाचलंय. शेवटच्या धड्यांत."

"आम्हांस हेंच येतें," कनकाबाई म्हणाल्या. त्यांना राग आला नव्हता. पोरगी पहिल्याच दिवशी मनात आलं ते बोलली, हे उलट त्यांना बरं वाटलं. त्यानंतर दोघी मराठीतच बोलत, प्रत्येकीचं आपापलं.

काम मोठं होतं. सरपटणारे प्राणी, पक्षी आणि सस्तन प्राणी, या तिघांचा डीएनए एकाच वेगानं बदलतो की वेगवेगळ्या, हा प्रश्न तसा जुनाच. काहींचं म्हणणं, ज्याचं रक्त ऊन त्याच्या शरीरात सगळंच भराभर चालतं, म्हणून त्याचा डीएनएही भराभर बदलतो. काहींचं म्हणणं, रक्ताच्या ऊनगारपणाला काय विचारता, एक पिढी उलटायला किती वर्षं लागतात ते विचारा. याचा निकाल लावायचा एक सरळ मार्ग म्हणजे कुटुंबं तपासणं. पिल्लाला अर्धा डीएनए आईकडून मिळतो, अर्धा बापाकडून. पण नक्कल होताना कुठंतरी एखादं अक्षर चुकतं. आईतही नाही आणि बापातही नाही असं नवंच अक्षर पिल्लात येतं. अशी अक्षरं थोडीच असतात, पाचपन्नास. ती शोधायची, मोजायची, आणि मग तिघांची तुलना करायची.

तीन ठिकाणी कामाची वाटणी झाली होती. हैदराबादला कबुतरं, बंगळुरूला माकडं, आणि चेन्नईला कनकाबाईंकडं कासवं. सगळ्याची सूत्रं हैदराबादच्या महेशकडं होती. महेश हा एके काळी कनकाबाईंचाच विद्यार्थी. त्यानंही याच टेबलावर ट्यूबांना नावं घातली होती. आता त्याची स्वतःची प्रयोगशाळा कनकाबाईंच्या दुप्पट होती, आणि हे सांगताना कनकाबाईंचा आवाज नेहमी थोडा चढत असे.

कासवं मिळाली ती शहराबाहेरच्या एका प्राणी-पुनर्वसन केंद्रातून. पाठीवर पिवळ्या चांदण्या असलेली स्टार कासवं. चोरून परदेशी न्यायच्या बेतात असताना विमानतळावर पकडलेली. त्यातल्या एका मादीनं केंद्रातच अंडी घातली होती आणि चार पिल्लं धडधाकट वाढत होती. तिच्या कुंपणात एकच नर होता. दोघांना जुळताना सगळ्यांनी पाहिलं होतं. आई, बाप आणि चार पिल्लं, असं पुरतं कुटुंब हाताशी आलं म्हणून कनकाबाई खूश होत्या. वनखात्याची परवानगी यायला बरेच महिने गेले, पण आली. स्वरदानं केंद्रातल्या डॉक्टरांच्या मदतीनं स्वतः रक्ताचे थेंब गोळा केले, स्वतः डीएनए वेगळा केला, आणि पुढच्या वाचनासाठी पाठवला.

आकडे आले त्या सकाळी ती कनकाबाईंच्या केबिनच्या दाराशी येऊन उभी राहिली. आत येईना.

"काय झालें?"

"मॅडम, पिल्लांमध्ये पन्नासएक नवी अक्षरं सापडायला हवी होती."

"मग? किती आलीं?"

"लाखांत आहेत."

कनकाबाईंनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. असा आकडा कधी येतो, हे त्यांना सांगायला नको होतं. जो बाप म्हणून धरलाय तो बापच नसेल तेव्हा. आणि कुंपणात दुसरा नर नव्हता. म्हणजे उरलं एकच. कुठंतरी ट्यूब बदलली.

"स्वरदा, खरें सांग. नावें घालतांना कांहीं गडबड झाली काय?"

"नाही, मॅडम."

"नीट आठव. मी ओरडणार नाहीं."

"आठवायचं काही नाही. ट्यूब मी बदललेली नाही." तिचा आवाज हलला नाही, पण कान लाल झाले होते.

दुपारच्या बैठकीत पडद्यावर महेश होता, बंगळुरूची मंडळी होती. कनकाबाईंनी जे होतं ते सांगितलं. कुणी काही वावगं बोललं नाही. महेश तर फारच अदबीनं बोलला, आणि तेच त्यांना लागलं.

"मॅडम, होतं असं कधीकधी. आपण कासव या वेळी बाजूला ठेवूया. सरड्यांवर दुसऱ्यांनी केलेलं काम छापून आलेलं आहे, त्यातले आकडे घेऊ. तुमचं नाव पेपरवर राहीलच."

पडदा बंद झाल्यावर कनकाबाई बराच वेळ खुर्चीत बसून होत्या. पुढच्या वर्षी त्या निवृत्त होणार होत्या. आयुष्यभर ज्या गोष्टीचा तोरा मिरवला तिच्यावरच कुणीतरी हलक्या हातानं रुमाल टाकून झाकावं, तसं त्यांना वाटलं. "होतं असं कधीकधी." त्यांच्याकडं होत नसे.

संध्याकाळी तांबरमला घरी पोचल्या तेव्हा यजमान सुधींद्र ताटं मांडत होते. बँकेतून निवृत्त झाल्यापासून स्वयंपाकघर त्यांनीच ताब्यात घेतलं होतं. दह्यात उडदाचं पीठ कालवून डांगर पचडी केली होती. कनकाबाईंनी दोन घास खाल्ले आणि सगळं सांगितलं.

"त्या पोरीस तूं किती वर्षें पाहतेस?" सुधींद्रांनी विचारलं.

"चार होतील."

"चार वर्षांत तिनें एकदां तरी चुकलेलें लपविलें काय?"

कनकाबाईंनी आठवून पाहिलं. मागं एकदा स्वरदाच्या हातून फ्रीजरचं दार उघडं राहिलं होतं. त्यांना कळायच्या आधी तीच सांगायला आली होती, आणि रडतही नव्हती. काय काय खराब झालं ते तपासूनच आली होती.

"नाहीं," त्या म्हणाल्या.

"मग तूं कसाला तिला पुन्हा पुन्हा विचारतेस? दुसरें कांहीं विचार." त्यांनी पचडीचं भांडं पुढं सरकवलं. "घे अजून."

दुसऱ्या दिवशी कनकाबाई प्रयोगशाळेत आल्या त्या केबिनमध्ये गेल्याच नाहीत. कोट चढवला, हातमोजे घातले आणि स्वतः टेबलाशी उभ्या राहिल्या. कित्येक वर्षांत त्यांनी पिपेट हातात घेतलेलं नव्हतं. मुलं एकमेकांकडं बघू लागली. राहिलेल्या रक्तातून त्यांनी सहाही कासवांचा डीएनए पुन्हा वेगळा केला, ट्यूबांवर नावांच्या जागी खुणा घातल्या, आणि कोणती खूण कुणाची हे स्वरदाला सांगितलं नाही.

"आत्तां तूं ओळख," त्या म्हणाल्या. "कोण आई, कोण पिल्लें, कोण तो नर. आंकडे पाहून सांग. मी केलेलें काम आहे. चुकलें तर माझें चुकेल."

स्वरदानं खोका दोन्ही हातांनी उचलला.

पुढच्या आठवड्यात ती केबिनमध्ये आली ती न विचारताच खुर्चीवर बसली. पुढ्यात कागद ठेवला. तिनं सगळ्या खुणा बिनचूक ओळखल्या होत्या. आई कोण, चार पिल्लं कोणती, वेगळा पडलेला नर कोणता. कनकाबाईंनी जुळवून पाहिलं. एकही चूक नव्हती. आणि निकाल पूर्वीचाच होता. आई चारही पिल्लांना अक्षर न् अक्षर जुळत होती. नर कुणालाच जुळत नव्हता.

"म्हणजे ट्यूब बदललेली नव्हती," कनकाबाई सावकाश म्हणाल्या.

"नव्हती. आणि मॅडम, अजून एक आहे. पिल्लांमधला आईचा अर्धा भाग मी बाजूला काढला आणि उरलेला अर्धा चौघांत ताडून पाहिला. ट्यूबांची सरमिसळ झाली असती तर तो कसाही आला असता. पण तो चौघांत एकाच ठिकाणाहून आलाय. चारही पिल्लांचा बाप एकच आहे. फक्त तो हा नाही."

ही तपासणी कर असं कनकाबाईंनी तिला सांगितलं नव्हतं. त्यांना स्वतःला ती सुचली नव्हती.

"कुंपणांत दुसरा नर नव्हता," त्या म्हणाल्या.

"त्या वेळी नव्हता. पण त्याच्या आधी?" स्वरदा पुढं झुकली. "कासवांच्या माद्या नराचं बीज पोटात जपून ठेवतात, मॅडम. एखाद्या वर्षी जुळायचं आणि त्यानंतर कितीतरी उशिरा अंडी घालायची. दोन वर्षं, तीन वर्षं. हे आधी लोकांनी पाहिलेलं आहे. ही मादी केंद्रात आली तीच तसलं बीज घेऊन आली असेल तर?"

"आणि हा नर?"

"हा बिचारा नंतरचा. सगळ्यांनी त्याला पाहिलं म्हणून बाप ठरवला."

कनकाबाईंना हसू आलं. गेल्या कित्येक दिवसांत त्या पहिल्यांदाच हसल्या. त्यांनी लगेच केंद्रातल्या डॉक्टर वेंकटरमण यांना फोन लावला आणि तमिळमध्ये विचारलं की ही मादी कुठून आली, कुणाबरोबर आली. वेंकटरमण म्हणाले की विमानतळावर दोन बॅगा पकडल्या होत्या, त्यात ही होती. मोठे नर-मादी सगळे एकत्रच कोंबलेले. केंद्रात आणल्यावर तब्येती सुधारेपर्यंत ते महिनाभर एकाच आवारात होते. पुढं जागा पुरेना, म्हणून ते सगळे नर श्रीपेरुंबुदूरकडच्या आमच्या दुसऱ्या आवारात हलवले. हिनं अंडी घातली ती त्यानंतर तीनेक वर्षांनी, आणि तिच्या कुंपणातला नर मधे दुसरीकडून आलेला.

"ते अजून तिथं आहेत?"

"सगळे आहेत," वेंकटरमण म्हणाले. "चारापाण्याचा खर्च वाढवून ठेवलाय त्यांनी. का हो?"

आता खरा प्रश्न होता तो महेशला सांगायचा. पेपर पाठवायची वेळ जवळ आली होती. परवानगी नव्यानं काढायची, सगळ्या नरांचं रक्त घ्यायचं, तपासायचं, आणि त्यात बाप सापडेलच याची खात्री नाही. विमानतळावर पोचण्याआधीच, रानात असतानाच ती मादी कुणाशी जुळली असेल तर तो कधीच सापडणार नव्हता. कनकाबाईंनी स्वरदाला समोर बसवूनच फोन केला.

महेश ऐकत राहिला. मग म्हणाला, "मॅडम, सगळे थांबतील ते तुमच्या शब्दावर थांबतील. तुम्हाला खात्री आहे?"

"कासव सापडेल याची नाही," कनकाबाई म्हणाल्या. "पण माझ्या मुलीच्या आकड्यात चूक नाही, याची आहे. त्यावर मी माझं नाव लावते. कासवाला वगळून सरपटणाऱ्या प्राण्यांबद्दल बोलायचं असेल तर माझं नाव पेपरवरून काढून टाक."

महेश हसला. "तुम्ही माझ्यासाठी एकदा असंच भांडला होता. आठवतंय?"

"नाही," कनकाबाई म्हणाल्या. आठवत होतं.

"थांबतो, मॅडम."

त्यांनी फोन ठेवला तेव्हा स्वरदा खिडकीकडं तोंड करून उभी होती. "माझी मुलगी" हे शब्द आपण इंग्रजीत अगदी सहज बोलून गेलो, हे कनकाबाईंच्या तेव्हा लक्षात आलं. त्यांनी ते परत घेतले नाहीत.

परवानगी या खेपेला लवकर आली, कारण वेंकटरमणच तिच्या मागं लागले. श्रीपेरुंबुदूरला जायच्या दिवशी रस्त्यावर कंपन्यांच्या बसगाड्यांची रांग होती, पहिली पाळी आत जात होती. गाड्यांच्या कारखान्यांमागं, माळावर, केंद्राचं आवार होतं. ऊन चढायच्या आत काम उरकायचं म्हणून तिघं लगबगीनं आत शिरले. कासवं बाभळीच्या सावलीला दगडांसारखी पसरली होती.

वेंकटरमण एकेकाला उचलून मांडीवर घेत, त्यानं मान आत ओढली की गप्प बसून राहत, आणि कवचाच्या कडेखालची शीर दिसली की सुई लावत. स्वरदा ट्यूब धरी आणि नाव घाली. कनकाबाई छत्री धरून उभ्या होत्या. त्यांचं तिथं तसं काहीच काम नव्हतं. पण प्रत्येक ट्यूबवर स्वरदा नाव घालायची, मोठ्यानं वाचायची, कवचावरच्या क्रमांकाशी ताडून पाहायची आणि मगच पुढची उघडायची, हे बघत त्यांना उन्हाचं भान राहिलं नाही. घाम डोळ्यात जात होता तरी मुलीनं एकदाही ही पायरी गाळली नाही. वेंकटरमणनी एकदा सांगून पाहिलं, "अम्मा, इतकं कशाला? मी क्रमांक बघूनच उचलतो." तशी ती हसून म्हणाली, "डॉक्टर, माझ्यावर एकदा आळ आलाय. परत नको."

तिच्या तोडक्यामोडक्या तमिळमध्ये ते वाक्य इतकं विचित्र आलं की वेंकटरमणना हसू आवरेना, आणि मांडीवरच्या कासवानं त्याच वेळी त्यांच्या विजारीवर धार सोडली.

परतताना गाडीत स्वरदानं विचारलं, "मॅडम, नाही सापडला तर?"

"नाहीं सांपडला तर तैसेंच लिहूं. बाप मिळाला नाहीं, म्हणून वेग सांगतां येत नाहीं. त्यांत लाज कसली?" थोड्या वेळानं त्या पुढं म्हणाल्या, "तूं चुकली नव्हतीस, हें तर सिद्ध झालेंच आहे. मी तुला पहिल्या दिवशीं विचारलें, तें विचारणें माझें काम होतें. पण तुझें उत्तर तेव्हांच धरायला हवें होतें."

स्वरदा म्हणाली, "तुम्ही स्वतः पिपेट हातात घेतलंत तेव्हाच ते संपलं."

सगळ्या नरांचा पुरा डीएनए वाचायचं कारण नव्हतं. पिल्लांमधल्या बापाच्या अर्ध्या भागातल्या थोड्या ठळक जागा निवडायच्या आणि त्या नरांत ताडून पाहायच्या, एवढं बस होतं. एकेक नर बाद होत गेला. यादी संपत आली तसं स्वरदाचं बोलणं कमी झालं. डब्यात काय आणलंय हेही ती सांगेना. आणि मग एका दुपारी प्रयोगशाळेतून एकदम आवाज उठला, पोरं हसायला लागली, कुणीतरी टेबल वाजवलं. कनकाबाई केबिनमधून बाहेर आल्या तर स्वरदा संगणकापुढून उठून त्यांच्याकडंच येत होती.

"सापडला," ती म्हणाली. "सगळ्या जागा जुळल्या, मॅडम. चौघांशीही."

"कोणता?"

"डॉक्टरांच्या विजारीवर ज्यानं—"

"सरि, सरि, कळलें," कनकाबाई म्हणाल्या. त्यांनी तिचे दोन्ही हात धरले आणि तसेच धरून ठेवले.

मग त्या नराचा पुरा डीएनए वाचून घेतला. लाखांचा तो आकडा कोसळून चाळीस-पन्नासांवर आला, जिथं तो पहिल्यापासून असायला हवा होता. कासवं तुलनेत परत आली. हैदराबाद आणि बंगळुरूचे आकडे शेजारी ठेवले तेव्हा चित्र स्पष्ट दिसलं. पिढीमागे मोजलं तर कबूतर, माकड आणि कासव एकमेकांपासून फार दूर नव्हते. गार रक्ताचं कासव ऊन रक्ताच्या दोघांपेक्षा मागं पडलेलं नव्हतं. पण वर्षामागे मोजलं की तिघं पांगत. कबुतराची पिढी भराभर उलटते, ते सर्वांत पुढं. कासव सर्वांत मागं. त्यांनी तपासलेल्या या तीन कुटुंबांत तरी फरक पाडत होती ती पिढीची लांबी, रक्ताची ऊब नव्हे.

पेपर छापून आला तेव्हा पहिलं नाव स्वरदाचं होतं. तसा आग्रह कनकाबाईंनी धरला नव्हता. महेशनंच तसं लिहून पाठवलं होतं, आणि खाली एक ओळ घातली होती की हे सगळ्यांना मान्य आहे.

हिवाळ्यात एग्मोरच्या एका हॉटेलात देशभरच्या जीवशास्त्रज्ञांची परिषद भरली. या कामावरचं भाषण स्वरदा करणार होती. तिची आई रत्नप्रभाबाई तासगावहून आल्या होत्या. जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका, अंगावर इरकली, आणि पर्समध्ये कनकाबाईंसाठी बेदाण्याची पिशवी. कनकाबाईंनी त्यांना आपल्याशेजारी, मागच्या रांगेत बसवून घेतलं.

स्वरदा बोलायला उभी राहिली. कनकाबाईंना तिचं प्रत्येक वाक्य पाठ होतं, तरी त्या मुठी आवळून ऐकत होत्या. न जुळलेला बाप तिनं लपवला नाही. तो भाषणाच्या मधोमध ठेवला, आणि सभागृह हसलं तेव्हा ती थांबून राहिली. पुढं प्रश्न सुरू झाले.

एक वयस्क प्राध्यापक उठले. "पकडून आणलेल्या कासवांचं वय तुम्हाला कुठून माहीत? आणि वय माहीत नसेल तर वर्षामागचा वेग कसा काढलात?"

प्रश्न खरा होता.

"नेमकं वय माहीत नाही," स्वरदा म्हणाली. "या जातीची कासवं वयात येतात ते कमीतकमी वय धरलं आणि जास्तीत जास्तही धरलं. दोन्ही टोकांनी वेग काढला. सर्वांत तरुण धरली तरी ती कबुतराच्या आणि माकडाच्या मागंच राहतात. त्याहून बारीक मी सांगू शकत नाही."

प्राध्यापकांनी मान हलवली आणि ते बसले. मग तिसऱ्या रांगेतून महेश उठला. "बीज मादीच्या पोटात तीन वर्षं राहिलं असेल. तेवढ्यात त्यातली अक्षरं बदलली असतील का?"

स्वरदानं विचार केला. "माहीत नाही," ती म्हणाली. "चार पिल्लांवरून ते कळत नाही. आम्हाला ते पुढं पाहायचं आहे."

टाळ्या पडल्या तेव्हा कनकाबाई टाळ्या वाजवायच्या विसरल्या. एवढ्या लोकांसमोर, पहिल्या मोठ्या भाषणात, त्या वयात आपल्याला "माहीत नाही" असं सरळ म्हणता आलं असतं का, हे त्या मनात तपासून पाहत होत्या. आलं नसतं. आपण काहीतरी जुळवून बोललो असतो. ही पोरगी आपल्याकडूनच शिकली, आणि आपल्याला येत नव्हतं तेही तिला येतंय.

बाहेर कॉफीसाठी गर्दी झाली. स्वरदाला विद्यार्थ्यांनी घेरलं होतं. महेश कनकाबाईंजवळ आला, वाकून नमस्कार केला आणि म्हणाला, "मॅडम, कासव बाजूला ठेवू म्हणालो होतो, ते मनाला लावून घेऊ नका."

"तू थांबलास ना," कनकाबाई म्हणाल्या. "मला तेवढं आठवतं."

तो गेल्यावर रत्नप्रभाबाई हळूच म्हणाल्या, "मॅडम, इंग्रजीत होतं, मला निम्मं कळलं नाही. माझ्या लेकीनं नेमकं काय केलंय, ते मला मराठीत सांगाल का? गावी विचारतील."

कनकाबाईंनी प्रयोगशाळेबाहेरच्या कुणाला विज्ञान मराठीत कधी समजावलं नव्हतं. ट्यूबा आणि आकडे यांच्यापलीकडचे शब्द त्यांना ठाऊक नव्हते. त्यांनी दोन कप कॉफी घेतली, रत्नप्रभाबाईंना खिडकीजवळच्या खुर्चीवर बसवलं, आणि आपल्या घरच्या भाषेत सुरुवात केली.

"ऐका. लेंकरूं जन्मास येतें, तेव्हां अर्धें आईचें घेऊन येतें, अर्धें बापाचें. पण थोडें त्याचें स्वतःचें असतें. ना आईचें, ना बापाचें. अगदीं थोडें. तें नवें किती, हें मोजायचें होतें. पांखरांत किती, माकडांत किती, कासवांत किती."

"बरं," रत्नप्रभाबाई म्हणाल्या. कप त्यांनी खाली ठेवला होता आणि वर्गातल्या मुलीसारख्या लक्ष देऊन ऐकत होत्या.

"कासवांचें मोजतांना सगळे म्हणट्ले, इनें चूक केली. मीही विचारलें, चुकलीस काय. ती म्हणाली, नाहीं. मग तिनें चूक नाहीं हें दाखविलें, आणि तेवढ्यावर बसली नाहीं. खरा बाप कोण, तोही उन्हांत जाऊन हुडकून आणिला. आजवर माझ्याकडें पुष्कळ मुलें शिकलीं, बाई. ऐसी ही एकच."

रत्नप्रभाबाईंनी पदरानं डोळे टिपले. मग विचारलं, "आणि ते नवं, जे ना आईचं ना बापाचं, ते कुणात जास्त निघालं?"

प्रश्न इतका नेमका आला की कनकाबाई खुर्चीत सरसावून बसल्या. त्यांनी कॉफीचे कप बाजूला सारले, टेबलावर बोटानं एक लांब रेघ ओढली, तिच्याखाली एक तोकडी, आणि पिढी म्हणजे काय आणि वर्ष म्हणजे काय हे पहिल्यापासून सांगायला लागल्या.